सांधा सुटतो, काचेवर पांढरं येतं: प्लास्टिक मॉडेल जोडताना गोंद कसा वापरायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एअरफिक्स कंपनीचं १/७२ मापाचं स्पिटफायर विमान हे तुमचं पहिलंच किट. सोबतची गोंदाची छोटी नळी अर्ध्यात संपली, म्हणून उरलेलं काम फेविक्विकने केलंत. आता चाकाचा पाय जरा हात लागला की निखळतो, पंखाची पुढची कड उकलली आहे, विमानाच्या अंगावर बोटांचे ठसे कायमचे उमटलेत आणि वैमानिकावरचं पारदर्शक छत पांढुरकं झालंय. सगळ्यात मजबूत गोंद कोणता, एकाच बाटलीत सगळं भागेल का, आणि हे मॉडेल टाकून द्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

टाकून देऊ नका. तुम्ही सांगितलेल्यातलं जवळजवळ सगळं सुधारता येतं. ते कसं, हे शेवटी सांगतो, कारण त्याआधी हे बिघडलं का ते कळायला हवं. नाहीतर पुढच्या किटलाही हेच होईल, मग गोंद कितीही महागडा आणा.

‘सगळ्यात मजबूत गोंद कोणता’ या प्रश्नाने माणूस चुकीच्या दुकानात जातो. लाकडाला फेविकॉल लावतो तेव्हा तो दोन फळ्यांच्या मध्ये वाळतो, तंतूंमध्ये शिरतो आणि त्याचा थरच दोन्ही फळ्यांना धरून ठेवतो. तिथे गोंदाची ताकद महत्त्वाची असते. तुमच्या किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन आहे. ते गुळगुळीत असतं, काही शोषत नाही. त्यासाठी जे प्लास्टिक सिमेंट मिळतं ते मुळात द्रावक आहे. ते प्लास्टिकचा वरचा थर मऊ करतं. दोन्ही बाजूंचे मऊ झालेले थर एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि मागे उरतं फक्त प्लास्टिक. नीट जमलेल्या सांध्यात गोंद म्हणून काही शिल्लकच नसतं. दोन तुकड्यांचा एक तुकडा झालेला असतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर गणपतीच्या मखरातून उरलेला थर्माकोलचा तुकडा घ्या आणि त्यावर पातळ सिमेंटचा एक थेंब सोडा. थर्माकोल म्हणजे हवा भरून फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. थेंब पडला की तिथे खड्डा पडतो आणि तळाशी चिकट पाक उरतो. तुमच्या विमानाच्या कडेवर नेमकं हेच होतं, फक्त तिथलं प्लास्टिक भरीव असल्यामुळे सावकाश आणि उथळ होतं. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रयोग करायला सांगतो, कारण तो एकदा पाहिला की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पहिला नियम यातूनच निघतो. उघडं प्लास्टिक उघड्या प्लास्टिकला टेकलं पाहिजे. मध्ये रंग असेल तर सिमेंट रंगाला मऊ करतं आणि सांधा रंगावर उभा राहतो, मग तो रंगासकट सुटतो. मध्ये क्रोमचा चकचकीत मुलामा असेल तर तेच. आणि मध्ये जुनं वाळलेलं फेविक्विक असेल तर सिमेंट तिथे शिरतच नाही. तुमच्या पंखाची कड उकलली त्याचं कारण मला इथेच दिसतं. आधी फेविक्विक, ते सुटलं म्हणून त्यावर नवं फेविक्विक, असं झालं असणार. आतल्या भागांना, म्हणजे कॉकपिट, इंजिन यांना बाहेरचं अंग बंद करण्याआधी रंग द्यावाच लागतो. पण जिथे सांधा येणार ती कड रंगवताना टेपने झाका किंवा नंतर कटरच्या पात्याने आडवं खरवडून प्लास्टिक उघडं करा.

काही किटांवर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा तेलकट अंश असतो. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात टाकून सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या सगळ्या चौकटी जुन्या टूथब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. कढत पाणी नको, पातळ भाग वाकतात. नव्या किटांत याची गरज दरवेळी पडतेच असं नाही, पण पाच मिनिटांच्या कामासाठी जोखीम कशाला घ्यायची?

दुसरी गोष्ट कोरड्या जुळवणीची. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते चांगल्या सांध्याचं बरंचसं काम बाटली उघडण्याआधीच झालेलं असतं. भाग चौकटीतून पिळून तोडायचा नाही. निपरने, म्हणजे बारीक कापायच्या पकडीने, आधी थोडं अंतर ठेवून कापायचा, मग उरलेला खुंट दुसऱ्या कापात काढायचा आणि शेवटी वॉटर पेपरने सपाट करायचा. एक मिलिमीटरचा खुंट कडेवर राहिला तर दोन अर्धी तिथे टेकतात आणि आजूबाजूला फट राहते. त्या फटीत सिमेंट कितीही ओता, उपयोग नाही. फट भरणं हे त्याचं कामच नाही. भाग सिमेंटशिवाय एकत्र धरा आणि उजेडासमोर फिरवून पाहा. उजेड कुठून दिसतो, खुंटी भोकात पूर्ण बसते का, कुठे काय अडतं ते शोधा. खुंट्या जाड वाटल्या तर खुशाल थोड्या घासा. दोन भाग कोरडेच बसले आणि बोटांच्या हलक्या दाबाने फट मिटली, की मगच झाकण उघडायचं.

आता सिमेंट कोणतं. ढोबळ मानाने दोन जाती आहेत. एक दाट, ज्यात द्रावकासोबत थोडं पॉलिस्टायरीन विरघळवलेलं असतं. नळीतलं जेलसारखं सिमेंट यातलंच, आणि रेव्हेलची सुईवाली बाटलीही याच वर्गात येते. दुसरं पातळ, पाण्यासारखं, झाकणालाच बारीक ब्रश असलेलं. तामियाची हिरव्या झाकणाची ४० मिलिलिटरची चौकोनी बाटली आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसते. तिच्यात मुख्यतः अ‍ॅसिटोन आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट असतं. नवख्याने एकच घ्यायचं असेल तर पातळ घ्या. दोन परवडत असतील तर सुईवालंही घ्या. नळीतल्या जेलपासून मात्र लांबच राहा असं मी सांगेन. त्याचे तार सुटतात, थेंब किती पडेल यावर ताबा राहत नाही, आणि नवख्याच्या मॉडेलवर दिसणारे डाग बहुतेक वेळा त्याचेच असतात.

दोन्ही वापरायची रीत अगदी उलटी आहे, आणि गोंधळ इथेच होतो. दाट सिमेंट आधी लावायचं आणि मग भाग जोडायचे. पातळ सिमेंट भाग आधी जोडून, घट्ट धरून, नंतर बाहेरून द्यायचं. पातळ सिमेंट दाटासारखं कडेवर फासलं तर दुसरा भाग आणेपर्यंत निम्मं उडून जातं, मग आपण आणखी फासतो, आणि शेवटी ते ओघळतं.

विमानाच्या अंगाची दोन अर्धी पातळ सिमेंटने कशी जोडायची ते सविस्तर सांगतो, कारण हे जमलं की बाकी सगळं याचंच लहान रूप आहे. दोन्ही अर्धी कोरडी जुळवा. मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या सांध्यावर आडव्या, दर दोन-तीन सेंटिमीटरवर लावा. ब्रश बाटलीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी पुसून घ्या, म्हणजे त्यावर थेंब लोंबकळणार नाही. मग दोन पट्ट्यांच्या मधोमध ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवा. रंग लावतो तसं ओढायचं नाही. शाळेत शिकलेलं केशाकर्षण इथे कामाला येतं: सिमेंट फटीतून आपोआप धावतं आणि ओली चकाकी दोन्हीकडे सरकत जाताना दिसते. ती जिथे थांबते तिथे पुढचा स्पर्श. टेपच्या अगदी जवळ जाऊ नका. सिमेंट टेपखाली ओढलं जातं आणि तिथे पसरून पृष्ठभाग खराब करतं. मधले भाग धरले की पंधरा-वीस मिनिटांनी टेप काढा आणि टेपखालच्या जागा पूर्ण करा.

सिमेंट दिल्यावर अर्ध्या मिनिटाने दोन्ही अर्धी बोटांनी हलकी दाबा. सांध्यातून मऊ प्लास्टिकची केसाएवढी बारीक कड वर येते. तुमचा हात लगेच ती पुसायला जाईल. पुसू नका. ती वर आली म्हणजे सांधा पूर्ण भरला. ती वाळू द्यायची आणि नंतर घासून टाकायची, मग रेघ दिसतसुद्धा नाही. ओलं असताना पुसलं की मऊ प्लास्टिक पसरतं आणि कापडाचे तंतू त्यात कायमचे रुततात.

तुमच्या विमानावरचे बोटांचे ठसे याच केशाकर्षणाने उमटलेत. सांध्यावर बोट ठेवून तुम्ही भाग धरलात. सिमेंटने फट आणि बोटाची खालची बाजू यांत भेद केला नाही, ते बोटाखालीही धावलं, प्लास्टिक मऊ झालं आणि त्यावर तुमच्या त्वचेची नक्षी उठली. उपाय साधा आहे. बोटं सांध्यापासून दूर ठेवा, आणि सिमेंट देताना भाग बोटांऐवजी टेपने किंवा कपड्यांच्या चिमट्याने धरलेला असू द्या.

सिमेंट थोडंच वापरायचं याला आणखी एक कारण आहे, आणि त्याचा परिणाम उशिरा दिसतो. पंख आतून पोकळ असतो. आत सिमेंटचं थारोळं साचलं तर त्याची वाफ आत कोंडते, वरचं पातळ प्लास्टिक आतून मऊ पडतं आणि काही दिवसांनी पंखावर खळगा दिसू लागतो. पातळ, नाजूक भागांना भरपूर सिमेंट लागलं तर ते वाकतातही. जास्त सिमेंटने सांधा जास्त पक्का होत नाही. प्लास्टिक जेवढं एकमेकांना टेकलंय, तेवढाच तो पक्का होतो.

मग वेळ. पातळ सिमेंट काही सेकंदांत धरतं आणि काही मिनिटांत भाग हातात घेता येतो, त्यामुळे काम संपलं असं वाटतं. पण आतलं द्रावक पूर्ण उडायला कितीतरी जास्त वेळ लागतो. घासकाम करण्याआधी मी किमान २४ तास थांबतो, दाट सिमेंट असेल तर त्याहून जास्त. घाई करून ओला सांधा घासला तर त्या दिवशी तो सपाट दिसतो. पुढे आतलं प्लास्टिक आक्रसतं आणि रंग दिल्यावर तिथे बारीक चर उमटते. संध्याकाळी तासभर काम करणाऱ्यांना हे उलट सोयीचंच पडतं: आज अंग जोडा, उद्या पंख, परवा घासकाम.

पंखाबद्दल जाता जाता एक युक्ती. बहुतेक स्पिटफायर किटांमध्ये पंखाची खालची बाजू एकसंध आणि वरच्या बाजूचे दोन तुकडे असतात. पंख अंगाला बसवताना मुळाशी दोन्हीकडे फट राहिली तर लगेच पुटीकडे धावू नका. एका पंखाच्या टोकापासून, अंगावरून घेऊन, दुसऱ्या टोकापर्यंत मास्किंग टेप ताणून लावा. पंख किंचित वर उचलले जातात आणि मुळाची फट मिटते. तशाच ताणलेल्या अवस्थेत फटीला पातळ सिमेंट द्या आणि रात्रभर ठेवा. या मापात स्पिटफायरचा पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण साडेपंधरा सेंटिमीटर भरतो. एवढ्या लहान मॉडेलवर अर्ध्या मिलिमीटरची फटही नजरेत भरते, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही.

चाकांचे पाय, अँटेना, तोफांच्या नळ्या अशा भागांना मात्र सुईवालं दाट सिमेंट बरं. तिथे भाग भोकात बसवल्यावर कोन ठरवायला वेळ हवा असतो. पातळ सिमेंट तो देत नाही. भोकात सुईने टाचणीच्या डोक्याएवढा थेंब सोडा, पाय बसवा, विमान उताणं ठेवा, समोरून आणि बाजूने पाहून दोन्ही पायांचा कोन सारखा करा आणि रात्रभर हात लावू नका. सुई तुंबली तर बारीक तार आत घालून मोकळी करा. ती ज्योतीवर धरून साफ करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, पण आत ज्वलनशील द्रव आहे, त्यामुळे मी तो देणार नाही.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या. वरचं सगळं फक्त पॉलिस्टायरीनला लागू आहे. तुमच्या स्पिटफायरचा प्रश्न नाही, पण पुढे तुम्ही सैनिकांच्या किंवा वॉरहॅमरसारख्या खेळांतल्या छोट्या मूर्तींकडे वळलात तर प्लास्टिक आधी ओळखावं लागेल. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपच्या चौकटीत येणाऱ्या प्लास्टिकच्या मूर्ती पॉलिस्टायरीनच्या असतात, त्यांना सिमेंट चालतं. रेझिनच्या आणि धातूच्या मूर्तींवर त्याचा काडीइतका परिणाम होत नाही. बोर्डगेमच्या डब्यातल्या लवचीक मूर्ती बहुधा पीव्हीसीच्या असतात, तिथेही तेच. जुन्या पद्धतीचे १/७२ मापाचे मऊ, वाकणारे सैनिक पॉलिइथिलीनचे असतात आणि त्यांना सिमेंटच काय, फेविक्विकही नीट धरत नाही. बांदाई या जपानी कंपनीच्या रोबोंच्या चौकटींवर पीएस (पॉलिस्टायरीन), एबीएस (दुसरं एक कडक प्लास्टिक), पीई (पॉलिइथिलीन) अशी अक्षरं साच्यातच उमटवलेली असतात. ते मुळात बिनगोंदाचे, खटक्याने बसणारे आहेत, पण सांध्याची रेघ घालवायची असेल तर पीएसला पातळ सिमेंट उत्तम चालतं. काही लिहिलेलं नसेल तर चौकटीचा निरुपयोगी तुकडा घ्या, त्यावर पातळ सिमेंटचा ठिपका द्या आणि थोड्या वेळाने टूथपिकने दाबून पाहा. टोक रुतलं आणि तार सुटला तर पॉलिस्टायरीन. थेंब नुसता वाळून गेला आणि डागही पडला नाही तर दुसरा गोंद शोधा.

तो दुसरा गोंद बहुतेक वेळा फेविक्विकच्या जातीचा, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट असतो. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. रेझिन, धातू, पितळेच्या पत्र्याचे बारीक भाग, किंवा दोन वेगळ्या पदार्थांचे तुकडे यांना त्याच्यासारखा सोयीचा गोंद नाही. पण तो काम करतो ते वेगळ्या तऱ्हेने. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने तो घट्ट होतो आणि दोन भागांच्या मध्ये काचेसारखा कडक थर बनतो. सरळ ओढलं तर हा थर चांगला टिकतो, पण आडवा धक्का बसला की तडकतो. चाकाच्या पायाला नेमका आडवाच धक्का बसत राहतो. म्हणून तुमचा पाय निखळतो. गोंद कमजोर होता म्हणून नव्हे, तर त्या जागेला तो गोंद योग्य नव्हता म्हणून.

आणि पांढरं झालेलं छत. सायनोअ‍ॅक्रिलेट घट्ट होताना त्याची वाफ सुटते, ती जवळच्या पृष्ठभागावर बसते आणि पांढुरकी साय तयार होते. पारदर्शक भागावर ती लगेच दिसते. हॅरी कूवर या शास्त्रज्ञाला १९४२ मध्ये हे रसायन सापडलं ते बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना, आणि आज आपण ते पारदर्शक प्लास्टिकपासून दूर ठेवतो. प्लास्टिक सिमेंटही तिथे धोक्याचंच. एक थेंब छतावर पडला की तेवढी जागा धूसर होते. पारदर्शक भागांसाठी आपला साधा पांढरा फेविकॉल वापरा. टूथपिकने कडेला बारीक रेघ द्या, छत बसवा, बाहेर आलेला फेविकॉल ओल्या ब्रशने पुसा. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि उद्या चुकलं असं वाटलं तर निघतोही. छतावर ताण येत नाही, त्यामुळे एवढी पकड पुरते.

म्हणजे ‘एकाच बाटलीत भागेल का’ याचं उत्तर नाही असं आहे, पण खर्च तुम्हाला वाटतो तेवढा नाही. पातळ सिमेंटची एक बाटली लहान मापाच्या पुष्कळ किटांना पुरते, आणि फेविकॉल, फेविक्विक घरात असतातच.

पैसे वाचवायला काहीजण नेलपेंट रिमूव्हर, रंगाचा थिनर, किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या बनवणारे कारागीर वापरतात ते क्लोरोफॉर्म सुचवतात. नवख्याने यातलं काहीही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं अ‍ॅसिटोन फार भरभर उडतं. रिमूव्हरमध्ये तेल आणि सुगंधही मिसळलेले असतात. थिनरमध्ये काय आहे ते प्रत्येक डब्यागणिक बदलतं. आणि क्लोरोफॉर्म विषारी आहे, ते घरात नकोच.

सिमेंटचीही काळजी घ्यायचीच. ते चटकन पेट घेतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली पसरत जाते. त्याच खोलीत समई, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, गॅस काही पेटलेलं नसावं. खिडकी उघडी हवी. कापडी मास्कने वाफ अडत नाही, त्यामुळे खेळत्या हवेला पर्याय नाही. छताचा पंखा थेट डोक्यावर जोरात नको. सिमेंट फटीत शिरण्याआधीच उडतं, उन्हाळ्यात तर फारच. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, त्रास उलटा होतो: दमट हवेत फेविक्विक पटकन धरतं आणि उघडी नळी आतच दगड होते. ती घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. आणि सांडलेलं फेविक्विक कापसाने पुसू नका, कापसाशी त्याची अभिक्रिया होऊन तो भाजण्याइतका तापतो. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना किट जरूर आणायला सांगा, पण सिमेंट नको. ज्वलनशील असल्याने ते विमानाच्या सामानात चालत नाही.

बाटली लवंडणं हा सगळ्यांत मोठा अपघात. तिला पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या जड बैठकीत बसवा. थर्माकोलची बैठक करू नका, कारण वर सांगितलंच. खाली काच किंवा फरशीचा तुकडा ठेवा, आणि ब्रश हातात नसेल तेव्हा झाकण बंदच.

आता तुमचं स्पिटफायर. पहिल्यांदा उकललेली पंखाची कड घ्या. सांध्यात पात्याचं टोक हळू फिरवून फेविक्विकचा कडक थर खरवडा. तो प्लास्टिकपेक्षा ठिसूळ असतो, पापुद्र्यांसारखा उडतो. अ‍ॅसिटोनने फेविक्विक विरघळतं हे खरं, पण इथे वापरलंत तर पंखही सोबत जाईल. प्लास्टिक उघडं झालं की कड टेपने मिटवा आणि पातळ सिमेंट द्या. फट राहिलीच तर चौकटीचे बारीक तुकडे थोड्या पातळ सिमेंटमध्ये, काचेच्या छोट्या बाटलीत, रात्रभर विरघळत ठेवा. मधासारखा पाक होईल. तो टूथपिकने फटीत भरा. तुमच्याच किटचं प्लास्टिक असल्याने रंगही तोच येतो. हा पाक आक्रसतो, म्हणून किंचित जास्त भरा आणि घासायला दोन-तीन दिवस थांबा.

ठशांवर सध्या काहीच करू नका, निदान एक दिवस जाऊ द्या. मग ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून गोल गोल घासा, पुढे १०००. ठसे उथळ असतील तर पूर्ण जातात. पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेघा त्यात पुसल्या गेल्या तर सुईच्या टोकाने, डायमोची, म्हणजे लेबल उमटवायच्या यंत्राची, जाड चिकटपट्टी कडेला धरून, पुन्हा कोरता येतात. पहिल्या मॉडेलवर ते नाही केलं तरी चालेल.

चाकाचा पाय आणि त्याचं भोक दोन्ही खरवडून साफ करा, सुईवाल्या सिमेंटने बसवा, रात्रभर उताणं ठेवा. पायाची खुंटीच मोडली असेल तर हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने दोन्हीकडे अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडा आणि तेवढ्याच जाडीच्या तारेचा तुकडा आत घाला. इथे तारेसाठी मात्र फेविक्विकच लागेल, कारण एक बाजू धातूची आहे.

छत हलक्या हाताने काढता आलं तर काढा. साय आतून की बाहेरून ते पाहा. बारीक पॉलिशने, नाहीतर पांढऱ्या टूथपेस्टने मऊ कापडावर घेऊन घासा, धुवा, वाळवा आणि पाण्यावर चालणाऱ्या पारदर्शक चकचकीत वार्निशमध्ये बुडवून एका कोपऱ्याने टिपकागदावर उभं ठेवा. धूळ बसू नये म्हणून वरून वाटी उपडी घाला. वार्निश वाळलं की फेविकॉलने जागेवर बसवा. छत निघत नसेल तर ओढाताण नको, ते तडकेल. बाहेरूनच वार्निशचा एक हात ब्रशने द्या, बाहेरच्या सायीचा बराचसा पांढुरका रंग त्यानेच दबतो.